पाहुण्यागणिक बदलणारं पान: वर्डप्रेसच्या ‘इफ-सो’ प्लगइनचा लेखाजोखा

वेगवेगळ्या पाहुण्यांना पानाची वेगवेगळी रूपं दाखवून बघण्याचं गूगल ऑप्टिमाइझ ३० सप्टेंबर २०२३ रोजी बंद झालं आणि छोट्या वेबसाइटवाल्यांच्या हातातलं एक फुकटचं साधन गेलं. एकच पान वेगवेगळ्या पाहुण्यांना वेगवेगळं दाखवायचं असेल तर आता दोनच वाटा उरतात. एक, मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेली महागडी साधनं. दुसरी, वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल तर एखादं प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. दुसऱ्या वाटेवर पहिलं नाव बहुधा ‘इफ-सो’चं निघतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्लगइन चांगलं आहे. पण लोक ते ज्या कामासाठी घेतात, म्हणजे पाहुण्याचं गाव ओळखून मजकूर बदलणं, नेमक्या त्याच कामात ते भारतात लंगडं पडतं. त्यात प्लगइनचा दोष थोडा आणि आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कचा जास्त. उलट लिंक बघून मजकूर बदलण्याची जी साधी अट यादीत दुर्लक्षित पडलेली असते, तिच्यातच पैसे वसूल होतात.

रचना पाच मिनिटांत कळते. प्लगइन टाकलं की डाव्या मेन्यूत ‘इफ-सो’ येतं. तिथे नवा ट्रिगर, म्हणजे पानातल्या एका जागेसाठीचा अटींचा संच, तयार करायचा. एका ट्रिगरमध्ये मजकुराची हवी तितकी व्हर्जनं टाकता येतात आणि प्रत्येकाला एक अट असते: कुठून आला, कुठल्या लिंकवरून आला, मोबाइल आहे की कॉम्प्युटर, पहिल्यांदा आला की परत आला, कुठली तारीख, कुठली वेळ. सगळ्यात खाली डिफॉल्ट मजकुराची चौकट. सेव्ह केलं की चौकोनी कंसातला एक छोटा शॉर्टकोड मिळतो, तो पानात हवा तिथे चिकटवायचा. मोफत आवृत्तीत सगळ्या अटी उघडत नाहीत, त्यामुळे आपल्याला लागणारी अट त्यात आहे का हे आधी यादी उघडून बघावं आणि मगच पुढची आखणी करावी.

इथे पहिली चूक होते ती क्रमाची. व्हर्जनं वरून खाली तपासली जातात आणि पहिली खरी ठरलेली अट जिंकते, पुढच्या अटी बघितल्याच जात नाहीत. त्यामुळे ‘मोबाइल असेल तर’ ही अट सर्वांत वर ठेवली की खालची सगळी व्हर्जनं जवळजवळ मेली, कारण आपल्याकडे बहुतेक पाहुणे मोबाइलवरच येतात. नियम सोपा: जी अट सर्वांत कमी लोकांना लागू पडते ती वर, जी सर्वांत जास्त लोकांना लागू पडते ती खाली. आणि डिफॉल्ट चौकट रिकामी सोडायची नाही. कुठलीच अट जुळली नाही आणि डिफॉल्ट रिकामं असेल तर पानात त्या जागी काहीच दिसत नाही. पान बनवणाऱ्याला ते सहसा कळतही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या फोनवर कुठली ना कुठली अट जुळत असते.

आता गाव ओळखण्याचं बघू. समजा, देवगडचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकतो. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला ‘दोन दिवसांत घरपोच’, नागपूरच्या गिऱ्हाइकाला ‘चार दिवस लागतील, कच्चे आंबे पाठवू’ आणि परदेशातल्याला तिसरंच काही दाखवावं, असं त्याच्या मनात आहे. कागदावर झकास. प्रत्यक्षात प्लगइन आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून) गाव ठरवतं आणि मोबाइल इंटरनेटवर एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याआड एकाच वेळी ढीगभर फोन असतात. तो पत्ता नोंदला जातो तो मोबाइल कंपनीचं गेटवे, म्हणजे तिचं नेटवर्क इंटरनेटला जिथे जोडलं जातं ते केंद्र, ज्या शहरात आहे त्याच्या नावावर. म्हणून चिपळूणमधला फोन मुंबईचा दिसू शकतो, सोलापूरचा पुण्याचा, आणि कधीकधी राज्यही चुकतं. त्यात खरा आयपी पत्ता झाकणाऱ्या ऑफिसच्या व्हीपीएनची आणि आयफोनवरच्या प्रायव्हेट रिलेची भर. घरच्या ब्रॉडबँडवर अंदाज बरा येतो, पण आंबे मागवणारा माणूस लॅपटॉप उघडून बसत नाही.

देश ओळखणं मात्र बहुतेक वेळा बरोबर येतं. म्हणून देशापर्यंतच्या अटीवर भरवसा ठेवा, राज्याच्या अटीवर जपून, आणि शहराच्या अटीवर ‘दोन दिवसांत घरपोच’सारखं वचन तर अजिबात लटकवू नका. डिलिव्हरीचा शब्द पिनकोड विचारूनच द्यायचा. पानावर सहा आकड्यांची चौकट किंवा ‘मुंबई-पुणे’, ‘उर्वरित महाराष्ट्र’, ‘इतर राज्यं’ अशी तीन बटणं ठेवली तर पाहुणा स्वतःच सांगतो तो कुठे आहे. प्रत्येक बटणाला वेगळी लिंक द्या आणि त्या लिंकच्या अटीवर मजकूर बदला. पाहुण्याला एक टिचकी जास्त मारावी लागते, पण खोटं वचन जात नाही.

देशाच्या अटीतही एक खास आपल्याकडचा खड्डा आहे. अमेरिकेतून आलेला पाहुणा बघितला की वेबसाइटवाले उत्साहाने ‘परदेशात निर्यात’चं पान पुढे करतात, किंवा ‘आम्ही तुमच्या देशात पाठवत नाही’ म्हणून दार लावतात. पण न्यू जर्सीतून देवगड हापूस शोधणारा मराठी माणूस पुष्कळदा स्वतःसाठी शोधतच नसतो. त्याला ठाण्याला आईवडिलांच्या घरी पेटी पाठवायची असते. त्याचा आयपी अमेरिकेचा, पण पिनकोड ४००६ने सुरू होणारा. त्याला दाखवायचं ते असं: ‘भारतातल्या घरच्यांना पेटी पाठवा. पत्ता त्यांचा, पैसे तुम्ही भरा, पेटी निघाली की दोघांनाही व्हॉट्सअ‍ॅप.’ हे एक व्हर्जन नीट लिहिलं तर देशाची अट वसूल. मात्र त्याआधी पेमेंट गेटवेमध्ये परदेशी कार्डं चालू आहेत का ते बघा. ती बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज करून चालू करून घ्यावी लागतात. बटण दाखवून कार्ड नाकारलं तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

आणखी एक. गाव ओळखण्याचं काम प्लगइन आपल्या सर्व्हरवर करत नाही, ते त्यांच्या सेवेकडे विचारणा करतं आणि त्याला परवान्यानुसार महिन्याचा कोटा असतो. ऐन हंगामात जाहिरात चालू असताना कोटा संपला तर तेवढी अट मुकी होते. म्हणून एप्रिलमध्ये दर आठवड्याला वापराचा आकडा बघायचा. शिवाय पाहुण्याचा आयपी पत्ता बाहेरच्या सेवेकडे जातो, ही गोष्ट प्रायव्हसीच्या पानावर लिहायला हवी. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला आहे आणि युरोपातला पाहुणा आला तर तिथले नियम त्याहून कडक.

आता लिंकच्या अटीबद्दल, कारण खरं काम इथेच होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लिंक पाठवली आणि समोरच्याने ती उघडली तर वेबसाइटला पाहुणा कुठून आला ते सहसा कळतच नाही, अ‍ॅनालिटिक्समध्ये तो ‘डायरेक्ट’ म्हणून पडतो. म्हणजे पाहुणा कुठल्या साइटवरून आला ते बघणारी ‘रेफरल सोर्स’ची अट व्हॉट्सअ‍ॅपसाठी निकामी. उपाय म्हणजे लिंकच्या शेवटी आपणच खूण जोडायची. प्लगइनमध्ये याला ‘डायनॅमिक लिंक’ म्हणतात. खुणेचं नाव आपण ठरवतो, प्लगइन ती पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर जोडून देतं. जाहिरातीत आधीच यूटीएम, म्हणजे जाहिरात ओळखण्यासाठी लिंकला जोडायच्या ठरावीक खुणा, वापरत असाल तर यूटीएमचीही वेगळी अट आहे, तीच घ्या. दोन प्रकारच्या खुणा सांभाळण्यात अर्थ नाही.

उदाहरण घ्या. कोथरूडच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एकत्र ऑर्डर गोळा करतंय. त्या ग्रुपला ‘सोसायटी’ अशी खूण असलेली लिंक द्यायची. पानाचं शीर्षक बदलतं: ‘सोसायटीसाठी एकत्र ऑर्डर: १० पेट्यांपासून एकाच गेटवर डिलिव्हरी’. बटणही बदलतं, ‘पेटी घ्या’ऐवजी ‘व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवा’. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना पाठवलेल्या मेसेजमध्ये तिसरी खूण, तिथे हापूसची महती गायची गरजच नाही. त्यांना भाव, तोडणीची तारीख आणि पत्ता तोच आहे का एवढं पुरे. गूगल जाहिरातीतही तेच. ‘देवगड हापूस भाव’ शोधणाऱ्याला डझनाचा दर पहिल्या ओळीत हवा असतो. ‘अस्सल हापूस कसा ओळखावा’ शोधणाऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) खुणेची माहिती, देठाचा वास, सालीचा पोत हे आधी हवं असतं. प्रत्येक अ‍ॅड ग्रुपच्या लिंकला वेगळी खूण लावली की एकाच लँडिंग पेजवर (जाहिरातीवरून पाहुणा पहिल्यांदा उतरतो त्या पानावर) दोन्ही भागतं, आणि भाव वाढला की एकाच ठिकाणी बदलावा लागतो.

यात एक सेटिंग विसरलं की सगळं फसतं: ‘रिकरन्स’. लिंकची खूण फक्त पहिल्या पानाच्या पत्त्यात असते. पाहुणा तिथून ‘आमच्याबद्दल’वर जाऊन परत आला की पत्त्यातली खूण गेलेली असते आणि त्याला डिफॉल्ट दिसतं. सोसायटीचा भाव बघितलेला माणूस दोन मिनिटांनी साधा भाव बघतो आणि फसवणूक वाटून फोन करतो. व्हर्जनच्या खाली रिकरन्समध्ये सेशनपुरतं (एका भेटीपुरतं) किंवा ठरावीक दिवसांपुरतं लक्षात ठेवण्याची सोय आहे. जाहिरातीसाठी सेशन पुरतं, सोसायटीच्या ऑर्डरसाठी आठवडा बरा.

आणि भावाचा विषय निघालाच आहे तर, हे प्लगइन मजकूर बदलतं, भाव नाही. वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर दुकान चालवण्याच्या प्लगइनच्या) कार्टमध्ये उत्पादनाचीच किंमत लागते. वर ‘सोसायटीसाठी १० टक्के कमी’ लिहिलं आणि कूपन बनवलंच नाही तर चेकआउटला पूर्ण रक्कम दिसणार. सवलत द्यायची असेल तर कूपन आधी बनवा, कोड त्या व्हर्जनमध्ये लिहा.

तारखेच्या अटी आंब्यासारख्या हंगामी धंद्याला फार उपयोगी. पाडव्याला मुहूर्ताच्या पेट्या, अक्षय तृतीयेला वेगळी ओळ, मे महिन्यात भाव उतरले की तिसरी. फक्त वर्डप्रेसच्या जनरल सेटिंग्जमध्ये टाइमझोन ‘कोलकाता’ आहे का ते बघून घ्या. तो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या यूटीसी या जागतिक वेळेवर राहिलेला असेल तर रात्री बाराची ऑफर पहाटे साडेपाचला सुरू होते.

आता सगळ्यात मोठी डोकेदुखी, कॅशे. पान लवकर उघडावं म्हणून बहुतेक वेबसाइटवर लाइटस्पीड, डब्ल्यूपी रॉकेट किंवा होस्टिंगवाल्याचा स्वतःचा कॅशे चालू असतो. कॅशे म्हणजे पानाची तयार प्रत. पहिला पाहुणा अमेरिकेचा आला, त्याच्यासाठी बनलेलं पान साठवलं गेलं, आणि पुढचे चार तास बदलापूरच्या माणसालाही ‘भारतातल्या घरच्यांना पेटी पाठवा’ दिसत राहतं. ‘प्लगइन चालत नाही’ म्हणून जितक्या तक्रारी दिसतात त्यातल्या बऱ्याचशांचं मूळ इथे असतं.

यावर इफ-सोच्या सेटिंग्जमध्ये पेज कॅशिंगशी जुळवून घेण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की पानाची साठवलेली प्रत आधी येते आणि बदलणारा तुकडा मागाहून एजॅक्सने, म्हणजे पान उघडल्यानंतर ब्राउझरकडून, वेगळा मागवला जातो. हेच एकेका शॉर्टकोडपुरतंही करता येतं. पर्याय चालू करा, सगळा कॅशे एकदा रिकामा करा आणि मग तपासा. तपासणी अशी: एका फोनवर इन्कॉग्निटोमध्ये खुणेची लिंक उघडा, दुसऱ्या फोनवर बिनखुणेची, मग उलट क्रमाने. अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये तपासू नका. लॉगिन केलेल्यांना कॅशे केलेलं पान बहुधा मिळतच नाही, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसतं.

एजॅक्सची किंमत मात्र मोजावी लागते, तीही तीन ठिकाणी. पहिलं, तुकडा मागाहून येतो म्हणून खालचा मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. गूगल ही उडी सीएलएस या आकड्याने मोजतं, ०.१च्या आत असेल तर ठीक. सर्वांत लांब व्हर्जन मोबाइलवर किती उंच होतं ते बघून तेवढी किमान उंची त्या चौकटीला आधीच द्या. मराठी मजकूर वेलांटी-उकारांमुळे ओळीला जास्त उंची मागतो, त्यामुळे इंग्रजी मजकुरावर मोजलेली उंची कमी पडते. दुसरं, पानाच्या डोक्यावरचा मोठा फोटो कधीही असा बदलू नये. तोच पानातला सर्वांत मोठा भाग असतो. तो एजॅक्सने यायला लागला की एलसीपी (हा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) अडीच सेकंदांची मर्यादा सहज ओलांडतं. फोटो सगळ्यांना एकच ठेवा. शीर्षक, एक ओळ आणि बटण एवढंच बदला. तिसरं, एजॅक्सने आलेल्या तुकड्यात फॉर्म, स्लाइडर किंवा एलिमेंटर या पान सजवण्याच्या प्लगइनचं विजेट असेल तर ते दिसतं पण हलत नाही, कारण त्याची स्क्रिप्ट पान उघडतानाच चालून मोकळी झालेली असते. फॉर्म तुकड्याच्या बाहेर ठेवावा आणि आत फक्त त्याच्याकडे नेणारं बटण.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक वेबसाइटना वाटून दिलेल्या) आणखी एक त्रास होतो. कॅशे केलेलं पान सर्व्हरला जवळजवळ फुकट पडतं, पण एजॅक्सची प्रत्येक मागणी सर्व्हरला नव्याने कामाला लावते (वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवते). जाहिरात एकदम जोरात लागली किंवा मोठ्या इन्स्टाग्राम पेजने लिंक टाकली की होस्टिंगची मर्यादा संपून ‘५०८’ची चूक दिसायला लागते. बदलणारा तुकडा प्रत्येक पानावर, फुटरमध्ये वगैरे टाकायचा मोह टाळा. लँडिंग पेज आणि उत्पादनाचं पान, बास.

फक्त देशानुसार किंमत-कराचा हिशेब बदलायचा असेल तर हे प्लगइन हवंच असं नाही. वूकॉमर्समध्येच गिऱ्हाइकाचं स्थान ‘कॅशेला जुळवून’ ओळखायचा पर्याय आहे. तो मॅक्समाइंड या आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या कंपनीची माहिती वापरतो, त्यासाठी त्यांच्याकडून मोफत परवाना-किल्ली घ्यावी लागते. त्याने पानाच्या प्रत्येक पत्त्याच्या शेवटी एक विचित्र अक्षरांची खूण लागते, ती बघून घाबरू नका.

‘परत आलेला पाहुणा’ ही अट ऐकायला गोड, पण इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या आतल्या ब्राउझरच्या कुकीज (पाहुणा ओळखण्याच्या साठवलेल्या नोंदी) वेगळ्या असतात आणि क्रोमच्या वेगळ्या. काल इन्स्टावरून आलेला माणूस आज क्रोममधून आला तर तो नवाच. म्हणून या अटीवर ‘पुन्हा स्वागत’ एवढंच टाकावं. ‘पहिल्या ऑर्डरवर सूट’ टाकली तर जुनी गिऱ्हाइकंही ती घेणार.

भाषेची अट तर मराठी वेबसाइटसाठी जवळजवळ निरुपयोगी. ती ब्राउझरची भाषा बघते आणि घरात फक्त मराठी बोलणाऱ्याचाही फोन बहुधा इंग्रजीवर असतो. मराठी-इंग्रजीचं बटण डोळ्यांसमोर ठेवा, मामला मिटला. त्यातही प्रत्येक भाषेचं पान वेगळ्या पत्त्यावर असावं, एकाच पत्त्यावर मजकूर अदलाबदल करून नको. पानं वाचून शोधात घेणारा गूगलचा बॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो, त्याला जे दिसेल तेच शोधात लागणार. याच कारणाने परदेशी पाहुण्याच्या व्हर्जनमधून मूळ माहिती गाळायची नाही, तिच्यावर एक ओळ चढवायची.

मोजमापात प्लगइन व्हर्जन किती वेळा दिसलं ते सांगतं, पण निर्णय त्यावर घेऊ नका. खरेदीचं प्रमाण २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेलं हे खात्रीने म्हणायला प्रत्येक व्हर्जनला साधारण ३,९०० भेटी लागतात. छोट्या बागायतदाराचा हंगाम तेवढ्यात संपतो. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप बटणावरच्या टिचक्या मोजा, त्या लवकर जमतात. प्रत्येक व्हर्जनच्या बटणाला वेगळा सीएसएस क्लास (कोडमधलं ओळखनाव) देऊन टिचक्यांची नोंद गूगल टॅग मॅनेजरमधून जीए-४ला (गूगल अ‍ॅनालिटिक्सला) पाठवा. बटणाच्या आतल्या लिंकला यूटीएम लावू नका, पाहुणा मुळात कुठून आला त्याची नोंद त्याने बिघडते.

व्हीडब्ल्यूओसारख्या साधनाशी तुलना होतेच. दिल्लीच्या विंगिफाय कंपनीचं ते साधन, कुठलं व्हर्जन जास्त चालतं ते तपासणाऱ्या चाचण्यांच्या आकडेवारीत, कितीतरी पुढे आहे आणि वर्डप्रेस असलंच पाहिजे अशी अटही नाही. पण ते पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर बदलतं, त्यामुळे जुनं शीर्षक क्षणभर चमकून जाऊ नये म्हणून पान थोडा वेळ झाकून ठेवावं लागतं. खेड्यातल्या नेटवर्कवर ते जाणवतं. जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीज सफारी सात दिवसांत पुसतं हीदेखील त्या पद्धतीची अडचण. महिन्याला लाखभर भेटी आणि चाचण्या चालवायला स्वतंत्र माणूस असेल तर तिकडे जावं. दोन-चार लँडिंग पेजं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि थोडी गूगल जाहिरात एवढाच पसारा असेल तर इफ-सोच बरं, आणि सुरुवातीला दोनच ट्रिगर.

हंगाम संपल्यावर प्लगइन बंद करायचं ठरवलं तर आधी पानांमधले शॉर्टकोड काढून त्या जागी साधा मजकूर टाका. तसं न करता प्लगइन बंद केलं तर पानावर चौकोनी कंसासकट तो कोडच छापलेला दिसतो, आणि जूनमध्ये वेबसाइट उघडून बघायला कुणाला सवड नसते. सापडायला सोपं जावं म्हणून ट्रिगरच्या नावातच पानाचं नाव आणि वर्ष लिहा, ‘मुखपृष्ठ शीर्षक हापूस २०२६’ असं. नाहीतर पुढच्या वर्षी ‘नवीन ट्रिगर ७’ कुठे चिकटवला होता ते शोधण्यात फेब्रुवारी जातो.